कऱ्हाडवरून गेलेली सावली आणि अणूचा घेर

वसंत ऋतूत महाबळेश्वरी येणारा पाहुणा पहाटे विल्सन पॉइंटवर सूर्योदय पाहतो, आणि मग क्षेत्र महाबळेश्वरी जाऊन पंचगंगेच्या देवळात गोमुखाचे पाणी ओंजळीत घेतो. त्या पाण्यातल्या कृष्णा आणि कोयना येथून दोन निराळ्या वाटांनी खाली उतरतात, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर समोरासमोर येऊन मिळतात, आणि पुढे एक होऊन सांगलीकडे वळतात. आज आम्हांला जी हकीकत सांगावयाची आहे तीही याच मुलखावरून गेलेली आहे. मात्र ती पाण्याची नव्हे, सावलीची आहे. ती सावली अवघी दोन मिनिटे एका जागी राहिली; पण तिच्यामागे लागून माणसाने जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर मिळविण्यात पुढची सव्वाशे वर्षे गेली, आणि ते उत्तर अजून पुरते संपलेले नाही.

प्रश्न अगदी साधा आहे. अणू किती मोठा होऊ शकतो?

शाळेत आपण शिकलो की अणू म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा हिस्सा. ते खरे आहे, परंतु ते स्वस्थ बसलेल्या अणूचे माप झाले. अणूला बाहेरून शक्ती मिळाली की त्यातला इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो. या पायऱ्या पसरणीच्या घाटातील वळणांसारख्या नाहीत. जसजसे वर जावे तसतशी एकेका पायरीची उंची कमी होत जाते, आणि घेर मात्र पायरीच्या अंकाच्या वर्गाने वाढत जातो. दहाव्या पायरीवरचा हायड्रोजनचा अणू पहिल्या पायरीवरच्या अणूच्या शंभरपट रुंद होतो. शंभराव्या पायरीवरचा दहा हजारपट, म्हणजे मिलिमीटरचा एक सहस्रांश. अशा फुगलेल्या अणूंना आज रिडबर्ग अणू म्हणतात. स्वीडनमधील लुंड येथील योहानेस रिडबर्ग (१८५४–१९१९) यांनी वर्णपटातील रेषांचे जे सूत्र बसविले, त्यावरून हे नाव पडले.

हिशेबाने पाहू गेले तर पायऱ्यांना अंत नाही. मग अणू हवा तेवढा मोठा का होऊ नये? याचे उत्तर अणूच्या आत शोधून सापडत नाही. ते त्याच्या शेजाऱ्यांपाशी आहे. भोवतीचे अणू, रेणू आणि विद्युत्भारित कण हेच त्याचा घेर ठरवितात. ही गोष्ट माणसाच्या ध्यानात कशी आली, आणि तीत आपल्या मुलखाचा वाटा काय, एवढेच आजच्या व्याख्यानात आम्ही सांगणार आहोत.

२२ जानेवारी १८९८ चे ग्रहण

त्या दिवशी भर दुपारी खग्रास सूर्यग्रहणाची सावली अरबी समुद्रावरून कोकणात उतरली, घाट चढली, आणि देश, सोलापूर, वऱ्हाड असे करीत ईशान्येकडे निघून गेली. नकाशावर विजयदुर्गापासून जेऊरपर्यंत एक सरळ रेघ ओढावी. ती कऱ्हाडच्या अगदी जवळून जाते. महाबळेश्वर सावलीच्या पट्ट्याबाहेर उत्तरेस राहिले, सांगली दक्षिणेस राहिली. या दोन्ही ठिकाणी सूर्याची बारीक कोर तेवढी उरली असणार. संगमावर मात्र दिवसा रात्र झाली.

तो काळ सुखाचा नव्हता. मुंबई-पुण्याकडे प्लेगने घरे ओस पाडली होती. रँडच्या वधाला सात महिने झाले होते. लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात होते. ज्या माणसाने १८९३ साली ‘ओरायन’ लिहून मृग नक्षत्रावरून वेदांचा काळ काढला, तो आपल्या मुलखावरून जाणारी सावली पाहावयास मोकळा नव्हता. अशा दिवसांत परदेशचे ज्योतिर्विद लोलक, कॅमेरे आणि काचेच्या पट्ट्या घेऊन आपल्याकडे उतरले. विजयदुर्गास सर नॉर्मन लॉकियर आले, आणि त्यांच्या मदतीस ‘मेल्पोमिनी’ या लढाऊ जहाजाचे खलाशी होते. सोलापूर जिल्ह्यात, करमाळ्याकडच्या जेऊर स्टेशनाजवळ अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल होते. वऱ्हाडात धामणगावापुढच्या तळणी स्टेशनाजवळ ब्रिटिश ज्योतिष संघाची मंडळी होती. त्यांतच मॉन्डर पतिपत्नी होती आणि जॉन एव्हरशेड नावाचे एक हौशी ज्योतिर्विदही होते. या एव्हरशेड यांचे नाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे.

जेऊरला आणखी एक तुकडी होती, आणि ती आपली होती. पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला तिचे प्रमुख होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून पुण्यास १८८८ साली जी वेधशाळा उभी राहिली, ती त्यांनीच उभी केली. तेथे वीस इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण होती आणि त्या काळी हिंदुस्थानात तिच्याएवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती. तिला वर्णपटदर्शक लावून नायगामवालांनी मृगातील तेजोमेघाचा प्रकाशही तपासला होता. जेऊरच्या ग्रहणाचा त्यांचा अहवाल १९०२ साली प्रसिद्ध झाला.

येथे एक लोकसमज दुरुस्त केला पाहिजे. विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून जोती दाखवितात, आणि १८६८ च्या ग्रहणात लॉकियर यांनी तेथूनच हेलियमचा शोध लावला असे सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण हिंदुस्थानात दिसले हे खरे. फ्रान्सचे जान्सेन त्या वेळी गुंटूरला होते, आणि इंग्रज अधिकारी हर्शेल जमखंडीस होते. परंतु लॉकियर इंग्लंडातच होते. सूर्याच्या कडेवरील ती पिवळी रेषा त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, आपल्या देशात बसून पाहिली. विजयदुर्गास ते आले ते तीस वर्षांनी, १८९८ साली. आणि त्याच्या आधीच १८९५ साली रॅमसे यांनी पृथ्वीवर हेलियम मिळविला होता. दंतकथेने कट्ट्यांना हेलियमचे श्रेय दिले, पण १८९८ च्या ग्रहणात आपल्या मुलखावर खरोखर जे टिपले गेले त्याची आठवण कोणी ठेवली नाही. आमच्या मते ही अदलाबदल तोट्याची झाली.

तळणीच्या काचेवर काय उमटले

चंद्र सूर्यबिंब पुरते झाकतो त्या क्षणी बिंबाच्या कडेचा तांबूस पातळ थर तेवढा उघडा राहतो. एरवी त्याचा प्रकाश सूर्याच्या झगझगाटात हरवतो. त्या एक-दोन सेकंदांत त्याच्यापुढे लोलक धरला, तर काळ्या रेषांच्या जागी लखलखीत रेषा क्षणभर चमकतात. शास्त्रज्ञ त्यांनाच टिपावयास धावत असत.

त्या रेषांत हायड्रोजनची एक मालिका असते. तांबडी, निळसर हिरवी, जांभळी, आणि पुढे डोळ्यांना न दिसणाऱ्या जंबुपार भागात एकीहून एक जवळ येणाऱ्या रेषा. बासेल येथील शाळामास्तर योहान बाल्मर यांनी १८८५ साली या रेषांचे गणित सोडविले. ही मालिका ३६४६ अँगस्ट्रॉमशी येऊन थांबली पाहिजे, असे ते गणित सांगते. रेषांचे अंतर कमी कमी होत त्या सीमेपाशी शून्य व्हावे. जिना जणू तेथे संपावा.

एव्हरशेड यांनी तळणीला घेतलेल्या पट्ट्यांवर ही मालिका जंबुपारात दूरवर गेलेली दिसली. इतकेच नव्हे, तर सीमेच्या पलीकडे रेषा नसलेला एक सलग फिकट पट्टाही उमटला. आज त्याचा अर्थ आपल्याला लावता येतो. मालिकेतील दूरची रेषा म्हणजे फार वरच्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर पडलेला इलेक्ट्रॉन. आणि सीमेपलीकडचा पट्टा म्हणजे कोणत्याच पायरीवर नसलेला, मोकळा भटकणारा इलेक्ट्रॉन अणूने पकडला त्याची खूण. परंतु १८९८ साली इलेक्ट्रॉनचा शोध जेमतेम वर्षाचा होता, आणि अणूला पायऱ्या असतात हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. वऱ्हाडच्या रानात काचेवर उमटलेली ती फुगलेल्या अणूची सही होती. पण तिची लिपी वाचणारा अजून यावयाचा होता.

बोर यांचे उत्तर आणि पुण्याचे कुलूप

तो १९१३ साली आला. डेन्मार्कच्या नील्स बोर यांनी त्या वर्षी अणूचे जे चित्र मांडले, त्यात त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट नोंदविली. प्रयोगशाळेतील निर्वात नळीत बाल्मर मालिकेच्या बारापेक्षा जास्त रेषा कोणाला दिसत नाहीत. काही आकाशस्थ ज्योतींच्या वर्णपटात मात्र तेहतीस दिसतात. असे का? आकाशातला हायड्रोजन निराळा आहे काय?

बोर म्हणाले, हायड्रोजन तोच आहे, जागा निराळी आहे. बाजाराच्या दिवशी गर्दीत उभे राहून कोणी गोफण फिरवू म्हणेल तर ती पहिल्याच फेऱ्याला कोणाच्या तरी पागोट्याला लागेल. गोफणीची दोरी जितकी लांब तितके मैदान मोकळे हवे. बाराव्या पायरीवरच्या अणूचा व्यास त्यांनी काढला, आणि वायूतील दोन रेणूंमधले सरासरी अंतर तेवढेच भरावे यासाठी दाब किती हवा ते पाहिले. उत्तर आले पाऱ्याचे सात मिलिमीटर. तेहतिसाव्या पायरीसाठी आले पाऱ्याचे अवघे दोन शतांश मिलिमीटर.

हे आकडे आपण आपल्या डोंगरावर लावून पाहू. समुद्रकाठी हवेचा दाब ७६० मिलिमीटर असतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७२ मीटर उंच. येथे तो ६४५ च्या आसपास उतरतो. मुंबईकराला येथे हवा विरळ आणि गोड वाटते, परंतु अणूच्या दृष्टीने ही दाट गर्दीच होय. दोन रेणूंमधले अंतर मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या साडेतीनपट इतकेच. त्या अंतरात पाचव्या-सहाव्या पायरीपलीकडचा अणू मावत नाही. बाराव्या पायरीला मोकळी जागा हवी असेल तर सुमारे बत्तीस किलोमीटर वर जावे लागेल. तेहतिसाव्या पायरीला सुमारे पंचाहत्तर किलोमीटर. तेहतीस रेषांचा तो वर्णपट कोणत्या वेधाचा ते बोर यांनी सांगितलेले नाही, आणि तो तळणीचाच होता असे आम्हीही म्हणणार नाही. परंतु आकाशात अणू आपल्या येथल्यापेक्षा मोठे असतात ही कल्पना अशाच ग्रहणांच्या आणि ताऱ्यांच्या पट्ट्यांतून पुरावा गोळा होऊन उभी राहिली, आणि त्या पुराव्याचा एक भाग आपल्या शेतांत मिळाला होता.

मग आपल्या वेधशाळेचे काय झाले? नायगामवाला १९१२ साली निवृत्त झाले आणि पुण्याची वेधशाळा बंद झाली. उपकरणे कोडाईकनालला गेली. तेथे त्या वेळी संचालक कोण होते? तळणीला हायड्रोजनची मालिका टिपणारे तेच जॉन एव्हरशेड. ते १९०७ साली कोडाईकनालला आले व १९११ साली तेथले संचालक झाले होते. यात कोणा एकाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. उपकरणे योग्य हातांतच गेली. परंतु पुण्यात कुलूप पडले १९१२ साली आणि बोर यांचा लेख आला १९१३ साली, हे शेजारशेजारचे दोन आकडे वाचताना मन खट्टू होते. पंचवीस वर्षे एका माणसाच्या खांद्यावर उभी असलेली संस्था त्या माणसाबरोबर निवृत्त झाली. लिपी वाचणारा आला, त्याच्या आदल्याच वर्षी येथली पाटी पुसली गेली.

शेजारी चार प्रकारचे

बोर यांचे उत्तर मोठे होते, पण ते अर्धे होते. शेजाऱ्याला नुसती जागा लागते असे त्यांनी मानले. शेजाऱ्याच्या स्वभावाचा विचार त्यात नव्हता. पुढची सगळी कथा शेजाऱ्यांच्या स्वभावाची आहे.

पहिला शेजारी उदासीन अणूंचा. १९३४ साली रोममध्ये अमाल्दी आणि सेग्रे या तरुणांनी क्षारधातूंच्या वाफेत परका वायू भरला आणि वरच्या पायऱ्यांच्या रेषा पाहिल्या. तिसाव्या पायरीच्या अणूच्या घेरात साध्या हवेच्या दाबाला दहा हजारांहून अधिक परके अणू सामावतात. गोफणीच्या फेऱ्यात दहा हजार माणसे उभी! बोर यांच्या हिशेबाने रेषा पुसून जावयास हव्या होत्या. त्या पुसल्या नाहीत. त्या फक्त जागच्या हलल्या. हेलियम भरला तर जांभळ्याकडे, आर्गॉन भरला तर तांबड्याकडे. त्यांचे गुरू एन्रिको फर्मी यांनी याचा उलगडा केला. इतक्या लांब फिरणारा इलेक्ट्रॉन फार मंद असतो, आणि मंद इलेक्ट्रॉन कणासारखा आपटत नाही. तो लाटेसारखा शेजाऱ्यावरून वाहून जातो. प्रत्येक शेजारी त्याला हलकासा धक्का देतो. कोणी स्वतःकडे ओढतो, कोणी दूर लोटतो. हजारो धक्क्यांची बेरीज म्हणजे रेषेचे सरकणे. दोन वर्षांनी हीच युक्ती फर्मींनी मंद न्यूट्रॉनांना लावली.

दुसरा शेजारी विद्युत्भार घेऊन फिरणारा. सूर्याच्या कडेवर आणि विजेच्या नळीत रेषा एकमेकींत मिसळून जातात, त्याचे मुख्य कारण हे मोकळे इलेक्ट्रॉन आणि आयन होत. त्यांच्या विद्युत्क्षेत्रामुळे वरच्या पायऱ्या फाकून एकमेकींवर चढतात. १९३९ साली इंग्लिस आणि टेलर यांनी याचा हिशेब बसविला. आणि मालिकेतील शेवटची सुटी दिसणारी रेषा कितवी हे मोजले की त्या ठिकाणी इलेक्ट्रॉन किती दाट आहेत ते सांगता येऊ लागले. म्हणजे ज्या रेषा तळणीला नुसत्या टिपल्या गेल्या, तशा रेषांवरून आता सूर्याच्या कडेवरची गर्दी मोजता येते.

तिसरा शेजारी ध्रुवीय रेणूंचा. पाणी किंवा अमोनिया यांच्या रेणूला एक टोक धन आणि एक टोक ऋण असते, आणि तो भोवऱ्यासारखा फिरत असतो. असा रेणू फुगलेल्या अणूच्या घेरात शिरला तर आपल्या फिरण्यातली शक्ती तो इलेक्ट्रॉनला देऊन टाकतो. वरच्या पायऱ्या इतक्या कमी उंचीच्या की एवढ्याशा धक्क्याने इलेक्ट्रॉन अणूबाहेर पडतो. भोवरा मंदावतो आणि अणू फुटतो.

चौथा शेजारी इलेक्ट्रॉनचा लोभी. गंधक आणि फ्लुओरीन यांचा एक रेणू आहे, एका गंधकाला सहा फ्लुओरीन. हा इलेक्ट्रॉन दिसला की गिळतो. अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात १९७० नंतरच्या दशकात स्टेबिंग्ज, डनिंग आणि त्यांचे सहकारी यांनी फुगलेले अणू अशा रेणूंशी भिडवून दोन्ही गोष्टी तपासल्या. दूर फिरणारा इलेक्ट्रॉन आपल्या केंद्रकाला जणू विसरलेला असतो. रेणूशी त्याची गाठ मोकळ्या मंद इलेक्ट्रॉनसारखीच पडते. म्हणून मंद इलेक्ट्रॉन आणि रेणू यांचे वागणे तपासावयाचे असेल, तर रिडबर्ग अणू हे उत्तम साधन ठरले.

आकाशातील मोकळे मैदान

आता पुन्हा आकाशाकडे वळू. कारण खरे मोकळे मैदान तेथेच आहे. येथल्या हवेच्या एका घनसेंटिमीटरात पंचविसावर अठरा शून्ये इतके रेणू असतात. तेजोमेघांत तेवढ्याच जागेत काही शे किंवा काही हजार कण असतात. तेथे भटका इलेक्ट्रॉन आयनाने पकडला की अणू फार वरच्या पायरीवर जन्मतो आणि एकेक पायरी उतरत येतो. शंभराव्या पायरीपलीकडे दोन पायऱ्यांमधले अंतर इतके कमी की बाहेर पडतो तो प्रकाश नव्हे, रेडिओ लहर.

हॉलंडच्या वान द हुल्स्ट यांनी १९४५ साली या लहरींचा विचार केला, पण भारित शेजाऱ्यांमुळे रेषा फाकून नाहीशा होतील असे मानून तो नाद सोडला. त्यांनी शेजाऱ्यांचा त्रास अवाजवी धरला होता. १९५९ साली रशियाच्या कार्दाशेव यांनी हिशेब नव्याने करून रेषा दिसतील असे सांगितले. १९६४ साली रशियातच दोन तुकड्यांनी त्या पकडल्या. हायड्रोजनच्या नव्वदाव्या पायरीकडे उतरणाऱ्या इलेक्ट्रॉनची रेषा धनुराशीतील ओमेगा तेजोमेघात मिळाली. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या ग्रीन बँक येथेही त्या मिळाल्या.

आपल्याकडे हे काम सुरू झाले ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या उटी येथील दुर्बिणीने. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी १९७० साली उभारलेली ही दुर्बीण ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे, आणि पृथ्वीच्या आसाशी समांतर राहावी म्हणून मुद्दाम डोंगराच्या उतारावर बसविली आहे. तिच्यावर अनंतरामय्या, रोशी आणि त्यांचे सहकारी यांनी आकाशगंगेतील दोनशे सत्तराव्या पायरीच्या आसपासच्या अणूंच्या रेषा शोधल्या. एवढ्या अणूचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या जवळपास जातो. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीएवढा!

१९८० सालची एक चूक येथे सांगण्याजोगी आहे. खारकोव्हजवळच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर कोनोवालेन्को आणि सोदिन यांना शर्मिष्ठा नक्षत्रातील एका जुन्या स्फोटाच्या दिशेने २६ मेगाहर्ट्झजवळ एक रेषा मिळाली. ती नायट्रोजनची असावी असे त्यांना वाटले. ब्लेक, क्रचर आणि वॉटसन यांनी त्याच वर्षी दाखवून दिले की ती कार्बनच्या ६३१ व्या पायरीची रेषा आहे. चूक लाजिरवाणी नव्हती. मिलिमीटरच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढा अणू शाबूत राहू शकेल हे कोणालाही सहज पटण्याजोगे नव्हते. त्याच दिशेने बंगलोरजवळच्या गौरीबिदनूर येथील दुर्बिणीवर ३४.५ मेगाहर्ट्झला कार्बनच्या ५७५ व्या पायरीच्या आसपासच्या रेषाही मोजल्या गेल्या. २००७ साली युक्रेनच्याच शास्त्रज्ञांनी १००९ व्या पायरीपर्यंतच्या रेषा प्रसिद्ध केल्या. एका अणूचा व्यास मिलिमीटरचा दहावा हिस्सा! एवढा ठिपका कागदावर दिला तर चष्म्याशिवायही दिसेल.

आणि मग गोष्ट पुन्हा सह्याद्रीपाशी आली. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची प्रचंड मीटरलहरी दुर्बीण उभी राहिली. तिची कल्पनाही गोविंद स्वरूप यांची. २००२ पासून ती जगभरच्या ज्योतिर्विदांना खुली आहे, आणि तिचा कारभार पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खभौतिकी केंद्रातून चालतो. ज्या लहरी ती ऐकते, त्या १६५ पासून साडेतीनशेपर्यंतच्या पायऱ्यांच्या लहरी होत. आणि हायड्रोजन व कार्बन यांच्या अशा रेषांचे वेध तिच्यावर घेतले गेले आहेत. १९१२ साली पुण्यात जे काम थांबले ते सुमारे ऐंशी-नव्वद वर्षांनी, निराळ्या लहरींवर, त्याच जिल्ह्यात परत आले.

शेजारीच सोबती झाला तर

शेवटची गोष्ट सर्वांत नवी आहे. शेजारी अणूचा घेर मोडतो हे पाहिले. शेजारी त्याच्याशी बांधलाही जातो काय? फर्मींच्या हिशेबातच हे दडलेले होते. कारण हलका का होईना, ओढणारा धक्का त्यात होता. २००० साली अमेरिकेत ग्रीन आणि सहकाऱ्यांनी भाकीत केले की वायू अतिशय थंड असेल तर फुगलेल्या अणूचा इलेक्ट्रॉन आपल्या घेरात आलेल्या दुसऱ्या अणूला धरून ठेवील आणि त्यांचा एक रेणू बनेल. २००९ साली जर्मनीत श्टुटगार्ट येथे रुबिडियमच्या वाफेत असे रेणू सापडले. त्यातील दोन अणूंमधले अंतर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे प्राणवायूच्या रेणूतल्या अंतराच्या सुमारे आठशेपट होते. रोमच्या नळीत ज्या शेजाऱ्याने रेषा नुसती हलविली, तोच येथे सोबती झाला.

आणि २०२३ साली इंग्लंडात डरॅम विद्यापीठात एक रुबिडियमचा अणू आणि रुबिडियम-सीझियमचा एक ध्रुवीय रेणू प्रकाशाच्या चिमट्यांनी शेजारीशेजारी धरण्यात आले. रेणू जवळ असला की अणू फुगण्याचे नाकारतो. रेणू नसला की फुगतो. एका शेजाऱ्याच्या असण्यानसण्यावर दुसऱ्याचे उत्तर अवलंबून राहते, म्हणजे त्यातून हिशेब करता येतो. नव्या तऱ्हेचे गणनयंत्र याच गुणावर बांधण्याची खटपट जगभर चालू आहे, आणि रिडबर्ग अणूंच्या परस्परसंबंधांचा अभ्यास पुण्याच्या आयसर संस्थेतही होत आहे.

शंभर कोटी पायऱ्यांचे गणित कागदावर सोपे असते. परंतु अणूचा खरा घेर त्याला लाभलेल्या शेजारावर ठरतो. आम्ही ही उपमा संस्थांना लावू इच्छितो, पण फार ताणणार नाही. नायगामवालांची बुद्धी कमी पडली नव्हती, दुर्बीण कमी पडली नव्हती. त्यांच्यामागून तीच दुर्बीण हाती घेणारा दुसरा माणूस, आणि त्याला पगार देणारा तिसरा, एवढेच कमी पडले. खोडदला ते मिळाले म्हणून खोडद चालले.

विजयदुर्गाचे कट्टे पाहावयास जाल तेव्हा हेलियमची गोष्ट सांगणाऱ्याशी भांडू नका. पण १८९८ चे साल त्याला सांगा. जेऊर आणि तळणी ही स्टेशने आगगाडीतून जाताना लागली तर खिडकीतून एकवार बाहेर पाहा. आणि कऱ्हाडला संगमावर उभे राहाल तेव्हा ध्यानात असू द्या की महाबळेश्वरच्या डोंगरातून निघालेल्या दोन नद्या जेथे भेटतात, तेथूनच एका दुपारी ती सावली गेली. आणि तिच्या वाटेवर, रानात मांडलेल्या एका काचेवर, अणू किती मोठा होऊ शकतो याची पहिली अक्षरे उमटली होती.